वाचकांचे प्रश्न : नदीच्या पाण्यातील एन्टेरोकोकायची तपासणी

प्रश्न : आमच्या गल्लीतील मुले उन्हाळ्यात पंचगंगेत पोहायला शिकतात. यंदा आम्ही घाटावरचे पाणी विकतच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत दिले. अहवालात १०० मिलिलिटरमागे ७० एन्टेरोकोकाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू) असा आकडा आला. मुलांना पाण्यात उतरू द्यावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या अहवालाच्या भरवशावर तरी उतरू देऊ नये. आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्या देशात जे निकष आहेत, त्यांत विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय (एन्टेरोकोकाय याच गटातले) १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत असणे इष्ट आणि ५०० ही कमाल मर्यादा मानली आहे. त्या हिशेबाने ७० हा आकडा दिलासा देणारा वाटेल. परंतु तो नदीचा आहे असे म्हणता येत नाही. दिवसभर उबेत राहिलेल्या बाटलीत काही जिवाणू मरतात, काही वाढतात, आणि बाटली निर्जंतुक नसेल तर तिच्यातलेही मोजले जाऊ शकतात.

नमुन्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. प्रवाहाकडे तोंड करून ती पृष्ठभागाच्या फूटभर खाली भरावी, वर थोडी जागा मोकळी ठेवावी आणि बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत पोहोचवावी. पुढे १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळतात आणि पडदा पोषक माध्यमावर (जिवाणू वाढवण्याच्या अन्नद्रव्यावर) सुमारे ३६ अंशांत ठेवतात. लाल, गडद तांबड्या वा गुलाबी वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) दिसल्या की ते एन्टेरोकोकायच आहेत याची ४४ अंशांत पित्त-एस्क्युलिन नावाच्या दुसऱ्या माध्यमावर खात्री करतात. या पद्धतीला जवळजवळ दोन दिवस लागतात, म्हणजे हाती येतो तो परवाच्या पाण्याचा अहवाल.

मधल्या काळात वळवाचा एक जोरदार पाऊस झाला, तर गटारे व नाल्यांतील घाण नदीत उतरून सारे चित्र पालटते. म्हणून एका नमुन्यावर निर्णय घेणे मला मुलांच्या बाबतीत धोक्याचे वाटते. जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाचे नमुने, ठरावीक वेळी, निदान काही आठवडे घ्यावेत आणि आदल्या दिवशीच्या पावसाची नोंदही ठेवावी. हे जिवाणू माणसाप्रमाणेच गुराढोरांच्या आतड्यांतही असतात, त्यामुळे घाटाजवळ म्हशी धुतल्या जात असतील तर तेही लिहून ठेवावे. घाण माणसाची की जनावराची, हे साधी चाचणी सांगत नाही. तोवर मुलांना क्लोरीन नियमित तपासल्या जाणाऱ्या तलावात पोहायला शिकवावे.