वाचकांचे प्रश्न: अंगठा उठत नाही, यात चूक कोणाची?

प्रश्न: माझी आई सत्तरी ओलांडलेली असून तासगाव तालुक्यातील आमच्या गावी एकटीच राहते. जन्मभर द्राक्षबागांत आणि हळदीच्या कामावर मजुरी केल्यामुळे तिच्या बोटांवरच्या रेषा जवळजवळ झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानातील मशीनवर तिचा अंगठा उठत नाही आणि दुकानदार ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगून तिला परत पाठवतो. तंत्रज्ञानामुळे गरिबांची सोय झाली, असे सगळेच म्हणतात. मग ही सोय नेमकी कोणाची झाली?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर: आधी धान्याचे पाहू. आधार नोंदणीच्या वेळी दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळे घेतलेली असतात, त्यामुळे अंगठाच लावला पाहिजे असे काही नाही. कष्टाच्या कामात कमी वापरली जाणारी बोटे, विशेषतः डाव्या हाताची अनामिका किंवा करंगळी, हात धुऊन, पुसून लावून पाहावी. आईंचा मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला असेल तर ओटीपीचा मार्गही विचारावा. एवढे करूनही जमले नाही, तरी धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळवले आहे की, केवळ ठसा जुळला नाही म्हणून लाभार्थ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. अन्य ओळखपत्र पाहून धान्य द्यावे आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. आधारविषयीच्या 2018 च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने ओळख पटवण्यात यंत्र अपयशी ठरले म्हणून कोणाचा हक्काचा लाभ बुडू नये, याची दखल घेतली आहे. दुकानदाराने तरीही नकार दिला तर तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेकडे दोन ओळींचा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, कारण तोंडी तक्रारीची नोंद कोठेच होत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी असतो. त्याच्याकडे जाताना ही पोच उपयोगी पडते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ठसे वाचणारे यंत्र बोटावरच्या रेषा कोठे संपतात आणि कोठे फुटतात, हे बिंदू टिपते आणि नोंदणीच्या वेळच्या बिंदूंशी ताडून पाहते. कातडी कोरडी, पातळ किंवा सपाट झालेली असेल तर हे बिंदू पुरेसे मिळत नाहीत. आधारच्या यंत्रणेत ठसा न जुळण्याला 300 हा त्रुटी क्रमांक दिलेला आहे. दुसऱ्याच्या नावावर धान्य उचलायला आलेल्या लबाडाचे बोट असो वा चाळीस वर्षे छाटणी करून झिजलेले बोट असो, यंत्राचे उत्तर हेच. ‘मला वाचता आले नाही’ आणि ‘ही व्यक्ती ती नव्हे’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी यंत्राने एकाच खात्यात टाकल्या, आणि त्या संशयाचे ओझे दुकानाच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीवर आले. हा दोष बोटाचा नाही आणि बहुतेक वेळा दुकानदाराचाही नाही. ही व्यवस्था आखताना ज्या हाताची कल्पना केली गेली, तो हात मजुरी करणारा नव्हता.

असे का होते, याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, अशी त्यांची समजूत होती. पुढे 1910 साली आजच्या पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती शेतकऱ्याची समजूत पटल्यावरच. नांगर घेणारा आणि नांगर चालवणारा माणूस एकच होता. त्याने नाही म्हटले की माल कारखान्यात पडून राहणार, हे उघड होते. रेशनच्या मशीनचे तसे नाही. ते विकत घेते सरकार आणि त्यावर बोट ठेवते आपली आई. तिने कितीही वेळा हात हलवत घरी यावे, त्याने मशीन बनवणाऱ्याच्या मागणीत एका नगाचीही घट होत नाही. मला विचाराल तर तंत्रज्ञान चांगले की वाईट, या नेहमीच्या वादापेक्षा हा प्रश्न अधिक कामाचा आहे: वापरणाऱ्याच्या नकाराची झळ बनवणाऱ्याला लागते का?

प्रश्न: मिरजेत एका दुकानात फोनवरून पैसे दिले. माझ्या खात्यातून रक्कम वजा झाली, दुकानदाराला मात्र मिळाली नाही. बँकेत ‘येतील आपोआप’ असे सांगतात. किती दिवस वाट पाहावी?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: वाट पाहण्याला मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला दिलेली रक्कम अशी अडकली तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या रकमेसाठी मुदत केवळ एका दिवसाची आहे. बँकेला परिपत्रकाची तारीख घालून पत्र लिहावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

वरच्या प्रश्नाशी याची तुलना करून पाहावी. 2016 साली सुरू झालेली यूपीआय सेवा भाजीवालीपासून सराफापर्यंत सर्वांनी उचलली, कारण ती न आवडल्यास खिशात रोख रक्कम होतीच. लोकांना वळवायचे तर सेवा सोपी ठेवणे भाग होते. आणि जेथे ती अडखळते तेथे विलंबाचा दंड बँकेवर ठेवलेला आहे. ठसा न जुळल्यामुळे बुडालेल्या दिवसाच्या मजुरीसाठी असाच रोजचा दंड ठेवायला काय हरकत होती, हे मला अद्याप समजलेले नाही.

प्रश्न: माझ्याकडे साधा, बटणांचा फोन आहे. पैसे पाठवण्यासाठी स्मार्टफोन घ्यावाच लागेल का?
— एक वाचक, विटा

उत्तर: नाही. बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून *99# लावल्यास इंटरनेटशिवाय एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते. साध्या फोनसाठीची यूपीआय 123पे ही सेवाही मार्च 2022 पासून उपलब्ध आहे. सुरुवातीला पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्ड जवळ ठेवावे, आणि तो पिन बँकेच्या कर्मचाऱ्यालाही सांगू नये.