चढाला सायकलचा गिअर बदलताना कडकड होते, कधी चेन पडते. सफाईने गिअर टाकायला कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की २१ गिअरची सायकल नवीन आहे, सपाटीला गुमान चालते, पण साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात गिअर टाकला की कडकड सुरू. सायकल बहुतेक ठीकच आहे. तुम्ही गिअर उशिरा टाकताय, आणि तोही पायात सगळा जोर असताना.

आपल्याकडे बहुतेकांचा हात आधी मोटरसायकलवर बसलेला असतो. गिअर बदलायचा म्हटलं की पाय आपोआप थांबतात, जणू क्लच दाबलाय. सायकलला ते चालत नाही. चेन फिरत असेल तरच ती एका चक्रीवरून दुसरीवर जाते, फक्त त्या वेळी तिच्यावर ताण नको. मागचं चाक उचलून धरा, हाताने पॅडल फिरवा आणि कुणाला तरी हँडलवरचा उजवा, म्हणजे मागच्या गिअरचा खटका दाबायला सांगा. चेन शेजारच्या दातांवर तिरकी चढते, क्षणभर दोन्ही चक्र्यांवर असते, मग नीट बसते. नेमकं तेव्हाच तुम्ही उभं राहून सगळं वजन पॅडलवर टाकलंत तर ती कडकडणारच.

म्हणून चढ समोर दिसला की आधी दोन पॅडल दाबून मारा, थोडा वेग घ्या. मग पाय फिरते ठेवून जोर काढून घ्या आणि खटका दाबा. एका वेळी एकच. चेन बसली की पायाला कळतं, तेव्हा पुन्हा जोर लावा. घाटाच्या वळणात आतली बाजू सगळ्यात उभी असते, आणि डावं वळण असेल तर ती आपलीच बाजू. तिथला गिअर वळणाच्या आधीच पडलेला हवा. गिअरचा आकडा बघत बसू नका. सपाटीला पाय मिनिटाला ७०-८० फेऱ्या मारतायत ना, तेवढं पुरे. चढाला त्या कमी होतातच.

डाव्या, म्हणजे पुढच्या चक्र्यांच्या खटक्याला सध्या हात लावू नका, पुढची चेन मधल्या चक्रीवर राहू दे. संगम माहुलीकडे जाऊन यायचा रस्ता सरावाला चांगला, परत येताना अंगावर येणार नाही इतपत चढ मिळतो. घाटात जायचं तेव्हा पुढची लहान चक्री पायथ्यालाच, चढ लागायच्या आधी टाका. भर चढात डावा खटका दाबला की चेन आत पडते, तुमचीही बहुतेक अशीच पडत असणार. जड गिअरमध्ये अडकलात तर सरळ उतरा, मागचं चाक उचलून हाताने हलका गिअर टाका. लाज कसली त्यात! शनिवार-रविवारी कास पठारावर जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत लटपटत चढण्यापेक्षा ते बरं.

एवढं करूनही सपाटीला चेन मागच्या मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुरत असेल, तर नव्या सायकलची गिअरची वायर सैल पडली असेल. वायर मागच्या गिअरमध्ये शिरते तिथे छोटी फिरकी असते. ती घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवून बघा, नाहीतर दुकानात दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे.