धानातले पोंगे, निलगिरीच्या गाठी: फवारणीआधी फोडून पाहा

प्रश्न (रामटेक तालुका): रोवणीला महिना झाला. धानात कांद्याच्या पातीसारखे चंदेरी पोंगे दिसतात. धुऱ्यावरच्या निलगिरीच्या कोवळ्या पानांवरही गाठी आल्या आहेत. काही पोंगे फोडले तर बारीक काळ्या माश्या निघाल्या. कीड एकच आहे का? दोन्हीकडे एकच औषध चालेल का?

उत्तर: किडी दोन आहेत. आणि त्या काळ्या माश्या बहुधा तुमच्याच कामाच्या आहेत, म्हणून औषधाची घाई करू नका.

पोंगा करते ती गादमाशी. ही डासांच्या गणातली, दोन पंखांची, तांबूस. तिची अळी फुटव्याच्या वाढत्या कोंबाशी खात बसते. पानाऐवजी नळी होते आणि त्या फुटव्याला लोंबी येत नाही. निलगिरीवरची लेप्टोसायबी इन्व्हेसा ही मूळची ऑस्ट्रेलियाची, मुंग्या-मधमाश्यांच्या गणातली, चार पंखांची आणि जेमतेम सव्वा मिलिमीटरची. ती धानावर किंवा संत्र्यावर येत नाही. बाळगुटीतलं मायफळ हीसुद्धा ओकच्या झाडावरची गाठच, पण ती करणारी माशी सिनिपिडी या वेगळ्या कुळातली.

नुसत्या नावावरून शत्रू-मित्र ठरवता येत नाही. क्वाड्रास्टिकस या एकाच प्रजातीतली एक जात पांगाऱ्यावर गाठी करते, तर क्वाड्रास्टिकस मेंडेली निलगिरीच्या गाठीत शिरून तिथली अळी मारते.

धानात गादमाशीच्या अळीला मारण्याचं हेच काम प्लॅटीगॅस्टर ओरायझी करते; तुम्हाला दिसलेल्या बारीक काळ्या माश्या बहुधा त्याच. एका अळीत तिची अनेक पिल्लं वाढतात. पोंगा उभा चिरा: अळीच्या कातडीत बारीक कोष दाटीने बसलेले दिसले, तर ती अळी संपली. पोंग्याच्या टोकाला रिकामी कात अडकलेली दिसली, तर गादमाशी उडून गेली. त्या पोंग्यावर औषध मारून उपयोग नाही.

बांधीत चार-पाच ठिकाणच्या चुडांचे फुटवे मोजा. शेकडा 5 पेक्षा जास्त पोंगे असतील तरच शिफारशीचं दाणेदार कीटकनाशक, लेबलवरच्या मात्रेत, पाणी बांधून टाका. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्या. धुऱ्यावरचं देवधान (रानटी भात) उपटा, गादमाशी त्यावरही जगते. असे दाटीने बसलेले बारीक कोष असलेले पोंगे मात्र जाळू नका. उपटून ज्या बांधीत पोंगे जास्त आहेत तिथे चिखलात उभे खोचा.

मोठ्या निलगिरीला फवारणी नको. लहान रोपांचे गाठाळलेले शेंडे छाटा आणि पुढच्या लागवडीला नर्सरीतून गाठीचं एकही रोप उचलू नका.