‘विशेषाधिकार’ खोडा, ‘आयतं’ लिहा

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: सहावीच्या मुलांना शाळेजवळच्या वस्तीत नेऊन तिथल्या मुलांसोबत एक दिवस घालवायचा आहे. परतल्यावर त्यांनी भरायच्या कागदावर ‘माझे विशेषाधिकार’ असं शीर्षक द्यावं, की सरळ ‘प्रिव्हिलेज’च ठेवावं?

बाई, ‘विशेषाधिकार’ आधी खोडा. ऐकून ऐकून कान किटले. हिवाळी अधिवेशनासाठी दर डिसेंबरात मुंबईहून आपल्या गावात जे सामान उतरतं, त्यातला हा शब्द. विधानमंडळाची विशेषाधिकार समिती असते, आमदाराचा मान दुखावला की हक्कभंग येतो, संविधानाच्या अनुच्छेद १९४ मध्ये त्याची सोय आहे. तिथे तो शोभतो. अधिकार लिहिलेला असतो, अडवला तर भांडून मागता येतो. अभ्यासाला वेगळी खोली आणि मे महिन्यात डोक्याशी कूलर, हा कुठल्या कलमातला अधिकार? वस्तीतल्या मुलांसाठी ‘वंचित’ही जपून वापरा. वंचना म्हणजे फसवणूक. वंचित म्हणजे ठकवलेला. मुलांनी ‘कोणी ठकवलं?’ विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

पुण्याकडचे जाणकार ‘मिरासदारी’ सुचवतात. मिरास मूळ अरबी, ‘वारसा’च्याच धातूतला, म्हणजे अर्थाने जवळ. पण वंशपरंपरेने जमीन कसणारा मिरासदार आणि बाहेरून आलेला उपरी ही जोडी देशावरची. आमच्याकडे गावाचा महसूल गोळा करणारा मालगुजार होता. तो १९५१ साली गेला आणि मागे मामा तलाव राहिले. (माजी मालगुजारीचा मामा. आईच्या भावाशी संबंध नाही, हे दर वर्षी कुणाला तरी सांगावं लागतं.)

शब्द तुमच्या मुलांच्या तोंडातच आहे: आयतं. माझ्या मते हा संस्कृत ‘आयत्त’चा वंशज. आयत्त म्हणजे कुणाच्या तरी हाती असलेलं, कुणावर तरी अवलंबून. स्वतःच्या हाती ते स्वायत्त, दैवाच्या हाती ते दैवायत्त. कर्णाचं ते वाक्य आठवा: ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’. जन्म कुठल्या कुळात हे दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या. (लोक हे बेधडक महाभारतातलं म्हणून सांगतात. ते भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकातलं आहे, तिसरा अंक.) आणि खरी गंमत पुढे आहे. आयत्तचा धातू ‘यत्’. ‘प्रयत्न’ही त्याच धातूतून निघाला! म्हणजे फुकट मिळालेलं आणि घाम गाळून मिळवलेलं, दोघं एकाच घरचे. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझा एक निवृत्त प्राध्यापक मित्र मानत नाही. म्हणतो, ‘सप्त’चं सात झालं, ‘भक्त’चं भात झालं, त्या हिशेबाने ‘आयत्त’चं ‘आयात’ व्हायला हवं होतं. आणि ‘आयात’ आहेच की, म्हणून बाहेरून आणलेलं ते आयतं! ‘आयात’ हा ‘आ + या’ या धातूतला, म्हणजे येणं. त्याचा इथे काय संबंध? ‘आयतं’ हा शब्द पोथीतून उतरला, खळ्यावरून नाही, म्हणून त्याचा स्वर आखूडच राहिला. चौकोनातला ‘आयत’ही वेगळा, तो ‘यम्’चा. मित्राला हे तीनदा सांगून झालंय.

हो, तुमचा कागद. शीर्षक द्या ‘मला काय आयतं मिळालं?’ आणि वस्तीत मुलं नेण्याआधी तान्हा पोळा येऊ द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळीच पोरं आपापला खेळण्यातला बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. कुणी कुणाला बघायला गेलेलं नसतं. एकाचा बैल पणजोबांच्या वेळचा, सागवानी, चाकांचा, ओढायला दोघं लागतात. दुसऱ्याचा आदल्या दिवशी मातीचा केलेला, शिंग अजून ओलं. महाल भागात एका पोराला मी स्वतः म्हणताना ऐकलंय, ‘याले तं आयताच भेटला बे बैल!’ त्याला कोणी कागद दिला नव्हता. मुलांना एवढंच लिहायला सांगा, की बैल कोणाकडून आला आणि कोणत्या घरी कोणाला किती बोजारा मिळाला.

लिहिताना ‘आयतं’ला एक त, ‘स्वायत्त’ला दोन. आपल्याच गावात एका महाविद्यालयाच्या फाटकावर त्यातला एक तीन वर्षांपासून गायब आहे.