जुन्या संगणकाची थर्मल पेस्ट बदलावी का?
थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्यावरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप. केवळ संगणक जुना झाला म्हणून ती बदलण्याची घाई करू नका. आधी हीटसिंकच्या पात्यांत अडकलेली धूळ काढा आणि पूर्ण भार असताना प्रोसेसरचे तापमान किती चढते ते पाहा. पंखा नीट फिरत असूनही ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचून प्रोसेसरचा वेग घटत असेल, तर पेस्ट वाळली असण्याची शक्यता बरीच आहे. वाळलेली पेस्ट हीटसिंकला घट्ट धरून ठेवते, म्हणून संगणक थोडा वेळ चालवून कोमट करावा, मग वीजजोडणी काढून हीटसिंक सरळ न ओढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. एरवी काही जुन्या सॉकेटांतून (प्रोसेसर बसवायच्या जागेतून) प्रोसेसरच पिनांसह उपटून येतो. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्रोसेसरच्या मध्यभागी नव्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका द्यावा. एकदा उचललेला हीटसिंक जुन्याच पेस्टवर पुन्हा बसवू नये, कारण तुटलेल्या थरात हवा अडकते.