वाचकांचे प्रश्न : बेल्जियन वाद्यपथकाची उतराई

प्रश्न : इंग्लंडमधील एका लहान गावात राहणाऱ्या माझ्या मुलाने कळवले, की बेल्जियमहून आलेल्या एका वाद्यपथकाने तेथील चर्चमध्ये मदतनिधीसाठी कार्यक्रम केला आणि युद्धकाळात आपल्या माणसांना आसरा दिल्याबद्दल गावाचे आभार मानले. हे युद्ध कोणते? आणि आभारच मानायचे, तर गावकऱ्यांकडून पैसे का घ्यायचे?

उत्तर : हे आभार बहुधा पहिल्या महायुद्धातील आश्रयाबद्दलचे असावेत. 4 ऑगस्ट 1914 रोजी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. ऑक्टोबरमध्ये अँटवर्प शहर पडले, तेव्हा मिळेल त्या जहाजातून, अगदी मासेमारीच्या होड्यांतूनही, माणसे इंग्लंडचा किनारा गाठू लागली. फोकस्टन बंदरात 14 ऑक्टोबर या एकाच दिवशी सुमारे 16,000 निर्वासित उतरले. युद्धकाळात ब्रिटनने आश्रय दिलेल्या बेल्जियन लोकांची संख्या अडीच लाखांच्या घरात जाते.

त्यांची सोय मुख्यतः गावोगावच्या समित्यांनी केली, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. अशा अडीच हजारांच्या आसपास समित्या देशभर उभ्या राहिल्या. कोणी रिकामे घर दिले, कोणी कोळसा, कोणी अंथरूण-पांघरूण, तर कोणी मुलांना शाळेत घालण्याची खटपट केली. सगळेच गोडीगुलाबीचे होते असे मानू नये. पाहुणे फ्रेंच बोलतील या समजुतीने यजमानांनी शाळेत शिकलेली मोडकीतोडकी फ्रेंच आठवावी आणि समोरच्या कुटुंबाला फक्त फ्लेमिश, म्हणजे बेल्जियममधील डच बोली, यावी, असेही प्रसंग घडत. युद्ध लांबले तशी कामधंद्यावरून आणि घरांवरून कुरबुरही वाढली. शस्त्रसंधीनंतर मात्र बहुतेक सर्व जण वर्षभरात परतले आणि गावांच्या आठवणीतूनही झपाट्याने पुसले गेले.

बेल्जियमने ब्रिटिश राष्ट्राचे आभार औपचारिकपणे मानले आहेतच. लंडनमध्ये थेम्सकाठी, ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन इजिप्शियन दगडी स्तंभासमोर, त्यासाठी उभारलेल्या स्मारकाचे अनावरण 1920 मध्ये झाले. एका स्त्रीसोबत पुष्पमाळा घेतलेली दोन मुले, असे ते कांस्यशिल्प आहे. पण राष्ट्राचे आभार मानल्याने एखाद्या गावातील समितीचे ऋण फिटत नाही, असे पाहुण्यांना वाटले असेल तर ते मला योग्यच वाटते.

आता पैशांविषयी. त्या काळी समित्यांचा खर्च वर्गण्यांवर, विक्री-मेळ्यांवर आणि संगीताच्या कार्यक्रमांवर चाले. अशा कार्यक्रमांत अनेकदा निर्वासित बेल्जियन वादकही असत. म्हणजे तेव्हा गावकरी तिकीट काढत ते पाहुण्यांच्या पोटासाठी, आणि आता पाहुणे वाजवतात ते गावातील गरजूंसाठी. मूळ यजमानांपैकी कोणी हयात नाही, त्यामुळे परतफेड करायची तर ती त्यांच्या गावालाच करता येते. एक गोष्ट मात्र मुलाला अवश्य विचारा : जमलेला निधी गावातील संस्थेलाच मिळाला ना? तसे असेल, तर पैसे पाहुण्यांनी घेतले असे म्हणता येणार नाही.