हेगच्या वाटेवर मुदत संपते

सीमाभागातून येणाऱ्या पत्रांत एकच घोळ पुन्हा पुन्हा दिसतो. सीमाप्रश्न, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आणि पोलिसांकडून झालेला अन्याय ही तीन निराळी प्रकरणे एकाच गाठोड्यात बांधून ती हेगच्या ‘आंतरराष्ट्रीय न्यायालया’च्या दारी नेण्याची तयारी झालेली असते. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (खानापूर): महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न हेगच्या न्यायालयात का नेत नाही?

नेता येत नाही म्हणून. तेथे केवळ सार्वभौम राष्ट्रे पक्षकार होऊ शकतात. घटकराज्यांतील वादासाठी आपल्या राज्यघटनेचे १३१ वे कलम आहे आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा त्याच कलमाखालचा आहे.

प्रश्न (निपाणी): मग कुलभूषण जाधव यांचे प्रकरण तेथे कसे गेले? ते तर एका माणसाचे होते.

माणूस एक होता, परंतु दावा भारत सरकारने पाकिस्तानविरुद्ध केला होता. परदेशात अटक झालेल्या नागरिकाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू द्यावा, असे १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो, आणि पाकिस्तानने तो मोडल्याचे न्यायालयाने २०१९ साली मान्य केले. जाधव कुटुंबाने स्वतः अर्ज केला असता तर त्याची दखल घेण्याचा अधिकारच त्या न्यायालयाला नव्हता.

प्रश्न (येळ्ळूर): स्वयंनिर्णयाचा हक्क आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेला आहे. २०१५ साली बांगलादेशाशी गावांची अदलाबदलही झाली. मग आमचेच का अडते?

नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील पहिल्याच कलमात हा हक्क आहे, हे खरे. परंतु १९७९ साली त्या करारात सामील होतानाच भारताने निवेदन जोडले की, हे शब्द परकीय सत्तेखालील जनतेपुरतेच आहेत. सार्वभौम देशाला किंवा त्यातील एखाद्या जनविभागाला ते लागू नाहीत. काही देशांनी या निवेदनाला हरकत घेतली, तरी भारताने ते मागे घेतलेले नाही. बांगलादेशाचा दाखला तर आपल्या प्रकरणाच्या अगदी उलट टोकाचा आहे. तेथे भारताची जमीन दुसऱ्या सार्वभौम देशाकडे जात असल्यामुळे घटनादुरुस्ती, म्हणजे शंभरावी दुरुस्ती, करावी लागली. बेळगाव कोणत्याही राज्यात असले तरी भारतातच राहते, आणि राज्यांच्या सीमा बदलण्यास राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसदेचा साधा कायदाही पुरतो. अडचण राजकीय इच्छेची आहे. तिच्यावर हेगमध्ये औषध मिळत नाही.

प्रश्न (बेळगाव): मिरवणुकीनंतर पोलिसांनी माझ्या मुलाला दोन दिवस कोठडीत ठेवले, मारहाण केली आणि न्यायाधीशांपुढे उभे केले नाही. याला दहा महिने झाले. एक गृहस्थ सहा हजार रुपयांत ‘युनोत केस’ दाखल करून देतो म्हणतात. पैसे द्यावेत काय?

एक रुपयाही देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार यंत्रणेकडे पत्र पाठवण्यास शुल्क नसते. गृहस्थ विकत आहेत ते केवळ इंग्रजी लेटरहेड. शिवाय वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा जो पूरक करार नागरी हक्कांच्या कराराला जोडलेला आहे, त्यात भारत सामील नसल्यामुळे नागरी हक्कांच्या करारावरील समिती आपली तक्रार विचारात घेणार नाही. इतर काही मार्गांनी पत्र पाठवता येते, परंतु त्यातून हाती येणारा न्यायनिवाडा होत नाही.

पैसे बुडाले तर पुन्हा मिळवता येतील. मला धास्ती आहे ती मुदतीची, आणि याबाबत मी प्रत्येक पक्षकाराला कंटाळा येईपर्यंत ऐकवतो. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३ च्या ३६ व्या कलमानुसार प्रसंग घडल्यापासून एक वर्ष उलटल्यावर राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोग चौकशी करू शकत नाही. आपले दहा महिने आधीच गेले. आता दोनच उरले आहेत. राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार विनाशुल्क करता येते आणि मराठीतूनही करता येते. मात्र तोच विषय राज्य आयोगापुढे आधी प्रलंबित असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात हात घालत नाही, म्हणून दोन्हीकडे एकदम अर्ज टाकून मोकळे होऊ नये. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभे करणे राज्यघटनेच्या २२ व्या कलमानुसार बंधनकारक आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून अडकवून ठेवण्याचा, कायदा लावला असल्यास हा नियम बदलतो, म्हणून अटक कशाखाली दाखवली हे प्रथम पाहावे लागेल. उच्च न्यायालयात जायचे झाल्यास त्याचे धारवाड खंडपीठ दोन-अडीच तासांवर आहे. वैद्यकीय कागद, अटकेची नोंद आणि आजवरच्या अर्जांच्या प्रती घेऊन याच आठवड्यात फौजदारी वकिलांना भेटावे. वकिलांची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. ओळखीच्या पुढाऱ्याने ‘थांबा, मी बोलतो’ म्हटले तरी थांबू नये; मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही.

प्रश्न (बेळगाव तालुका): कार्यालयात मराठी अर्ज घेत नाहीत. हा मानवाधिकारभंग आहे काय?

एवढा मोठा शब्द वापरण्याआधी राज्यघटनेचे ३५० वे कलम वाचावे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क ते देते, मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेलच असे ते म्हणत नाही. अर्जावर या कलमाचा उल्लेख करावा. तोंडी नकार मिळाल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा, पावती जपावी आणि तिची प्रत जोडून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे लिहावे. पावती नसेल तर वकिलांकडेही रिकाम्या हाताने जावे लागेल.